काळूरामच्या मांडीतलं दयारामचं हाड

करंजखारमध्ये मध्यंतरी अशी कुजबूज होती, की काळूरामच्या डाव्या मांडीत जे हाड आहे ते काळूरामचं नाहीच. ते वरच्या आळीतल्या मयत दयारामचं आहे, आणि दयाराम ते परत मागतो आहे.

कुजबूज एकदा सुरू झाली की तिला पुरावे शोधावे लागत नाहीत, ते आपणहून चालत येतात. कुणी सांगे, दयारामच्या दारावरून जाताना काळूरामचा डावा पाय त्या उंबऱ्याकडे ओढ घेतो. कुणी सांगे, दयाराम गुडघ्यावर हात टेकून बसायचा, आता काळूरामही तसाच बसतो. ज्याची मांडी उघडून शिवलेली आहे तो माणूस दुसरा कसा बसणार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. नळावरच्या बायकांनी तर काळूरामला सुक्या जवळ्याची वासना झाल्याचं जाहीर केलं, कारण दयारामचा जवळ्यावर जीव होता. जवळ्यावर जीव नसलेला माणूस करंजखारमध्ये अजून जन्मायचा आहे, पण ते असो.

काळूराम हा मिठागरवाल्यांच्या घरातला. बाप आणि आजा खाडीचं पाणी बांधात कोंडून मीठ पिकवायचे. पुढे मिठागरांवर भराव पडला, भरावावर कंटेनरचे डोंगर चढले, आणि काळूराम तेच कंटेनर ट्रेलरवर लादून न्हावा शेव्याला नेऊ-आणू लागला. आवाज मोठा, मिशी मोठी, आणि आपण कुणाच्या बापाला भीत नाही हे वाक्य तोंडात कायम. ते खरंही होतं. तो फक्त सुईला भ्यायचा. करोनाची लस टोचताना त्याची बायको ठमी हिला त्याच्या दोन्ही हातांवर बसावं लागलं होतं, आणि ही हकिगत ठमीने स्वतःच नळावर सांगितली होती.

पन्नाशीच्या आसपास त्याचा डावा पाय दुखायला लागला. डावा म्हणजे क्लचचा. ट्रेलर चालवणाऱ्या कुणाचा क्लचचा पाय दुखत नाही? त्याने तेल लावलं, पट्टा बांधला, दोस्तांनी सांगितलेली सगळी मलमं चोळली. शेवटी उरणच्या डॉक्टरने फोटो काढला, बराच वेळ बघितला, आणि एकही विनोद न करता त्याला मुंबईच्या कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तो डॉक्टर एरवी फार विनोदी होता. काळूरामला पहिली भीती वाटली ती तिथे.

मुंबईला डॉक्टर विनिता म्हणून एक बाई होत्या. मूळच्या अलिबागकडच्या, त्यामुळे मराठीत बोलायच्या. मांडीच्या हाडात कॅन्सर आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग त्यांनी कागदावर हाड काढून दाखवलं. कुठला तुकडा बाहेर काढायचा, बाहेर काढून त्याचं काय करायचं, मग काय कुठे बसवायचं, हे सगळं अगदी सावकाश समजावलं. पण काळूरामच्या कानात ‘हाड काढणार’ एवढंच शिरलं. त्यापुढे त्याला बाईंचे ओठ हलताना दिसत होते, इतकंच. तो मान हलवत राहिला. तो हलवतो म्हणून ठमीनेही हलवली. पुढचा सगळा घोटाळा या दोन मानांनी केला.

त्याच हॉस्पिटलात, पलीकडच्या इमारतीत, दयाराम होता. त्याचा आजार पोटातला आणि पुढे गेलेला. त्याची बायको काशी त्याच्या उशाशी. एकाच गावच्या दोन बायका मुंबईत भेटल्या की सख्ख्या बहिणी होतात; गावात त्यांचं चार वर्षं बोलणं नव्हतं, तो भाग वेगळा. ज्या सकाळी काळूरामला ऑपरेशनला आत नेलं, त्याच सकाळी दयाराम गेला. ठमीला निरोप आला. ती ऑपरेशनच्या दारावरून उठली, काशीजवळ जाऊन बसली, अँब्युलन्स निघेपर्यंत बसली, आणि डोळे पुसत परत आली. आली तेव्हा समोरून दोन माणसं घाईघाईने एक पांढरी पेटी घेऊन येत होती. दार उघडलं, पेटी आत गेली, दार मिटलं.

ठमीने शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, पेटीत काय असेल.

“हाड असंल, बाय,” ती म्हणाली. “इथं हाडाचंच काम चालतं.”

ठमीने मनातल्या मनात हिशेब केला. आतल्या माणसाचं हाड काढलं. बाहेरून हाड आलं. मधल्या वेळात गावचा माणूस मेला. ती कुणाला काही बोलली नाही. फक्त आपल्या बहिणीला, रंगूला, फोनवर बोलली, आणि तिला गळ्याची शपथ घातली. रंगूच्या पोटात पाणीदेखील फार वेळ राहत नाही.

तरी ती गोष्ट तिथेच विरली असती, पण दयारामच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

खाडीच्या काठावर पिंड मांडलेले, सगळी भावकी उन्हात उभी, आणि कावळे समोरच्या सुरूच्या झाडावर बसून नुसते बघताहेत. भावाने सांगितलं, काशीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. पुतण्याने सांगितलं, दारू सोडतो. त्यावर तर दोन कावळे उडूनच गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. घरी परतताना सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न, याचं अडलंय कुठे? आणि अशा वेळी रंगू गप्प बसेल ही अपेक्षा करणंच अन्याय आहे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला उत्तर मिळालं. दयाराम पुरता जळलेलाच नाही. त्याचं एक हाड मागे राहिलंय, जिवंत माणसाच्या अंगात.

काळूराम कुबड्या घेऊन घरी आला, आणि दुसऱ्याच दिवशी काशी त्याला भेटायला आली. खाटेशेजारी बसली. मग तिने त्याच्या डाव्या मांडीवर, पट्टीवरून अलगद हात ठेवला आणि हळूच विचारलं, “दुखतं कं?”

ती कुणाला विचारते आहे हे काळूरामला कळेना.

पितृपक्षात दयारामच्या तिथीला ती केळीचं पान वाढून घेऊन आली. भात, वडे, खीर, अळू, आणि पितरांच्या पानात जो चालत नाही तो जवळाही कोपऱ्यात. पान तिने काळूरामच्या पायापुढे मांडलं. काळूरामने पाय पुढे करून बसायचं, काशीने हात जोडायचे, आणि मग जेवायचं काळूरामने. ठमी स्वयंपाकघरात भांडी नको इतकी आपटत होती. गावाने याचंही सोनं केलं: काशी जेवायला घालते पायाला, आणि ढेकर येतो काळूरामला. त्यापुढे काय काय जोडलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण नळावर कुणीही सांगेल.

लोक हसायचे तेव्हा काळूरामही हसायचा. त्याच्या हसण्यात जीव नव्हता. ट्रेलर सुटला होता. आता तो एका कंटेनर यार्डाच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचा. गाडी आली की कागद बघायचे, सील बघायचं, आत सोडायची किंवा परत पाठवायची. दिवसभर त्याचं अर्धं लक्ष गाड्यांकडे आणि अर्धं मांडीकडे. ती आपली नाही असं त्याला हळूहळू वाटू लागलं होतं. अंघोळीला बसला की तो उजवा पाय खसखसून धुवायचा, आणि डाव्यावर नुसतं पाणी ओतायचा, पाहुण्याच्या पायावर ओतावं तसं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मांडी सुजली.

आधी खाज सुटली. मग शिवणीच्या रेघेभोवती लाल चट्टे आले. मग आत कुणी शेगडी ठेवावी तशी ऊब यायला लागली, आणि बाजूला एक फुगवटा दिसू लागला. पँटचा डावा पाय घट्ट व्हायला लागला तसा काळूरामने पँट सोडून लुंगी धरली. हॉस्पिटलच्या बाकावर त्याने एक तरणा पोरगा पाहिला होता. त्याच्या पँटचा एक पाय रिकामा, वर दुमडून पिनेने टाचलेला. ती पिन आता त्याला दिवसा गेटवर बसल्या बसल्याही दिसायची. फुगवटा म्हणजे कॅन्सर परत आला. परत आला म्हणजे या खेपेला पाय जाणार. आणि कॅन्सर नसेल तर दयाराम. दोन्हींतलं बरं कुठलं, हे त्याला ठरवता येईना.

तपासणीची तारीख आली तेव्हा त्याने यार्डात माणूस कमी असल्याचं सांगितलं. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा तो स्वतःचाच भाऊ बनून बोलला, आणि काळूराम माणगावला लग्नाला गेल्याचं सांगितलं. पितृपक्षात लग्न. पलीकडच्या बाईला मराठी कमी येत असावी.

नवऱ्याची लुंगी किती दिवस सरळ राहणार? ठमीने एक दिवस बघितलंच. ती ओरडली नाही, आणि त्यामुळे काळूराम जास्त घाबरला. तिने मडक्यातलं जाडं मीठ तव्यावर तापवलं, फडक्यात बांधलं आणि शेकायला बसली. मिठागरवाल्यांच्या घरात कुठलीही सूज आली की मिठाचा शेक, याला पिढ्यांचा आधार आहे. पण पिढ्यांच्या मांडीत ऑपरेशनात बसवलेली पोलादाची प्लेट नव्हती. चार दिवसांत चट्टे चिघळले. सूज वाढली. ठमी शेकताना तोंडाने काही पुटपुटायची. काळूरामने कान दिला तर ती देवाचं नाव घेत नव्हती, दयारामचं घेत होती. त्याची माफी मागत होती.

मग बाबाजी भगताकडे जाणं आलंच. बाबाजी म्हणजे तोंडात पान, कमरेला मोबाइल, आणि समोरच्याला काय ऐकायचंय याची अचूक जाण. त्याने मांडीकडे लांबूनच बघितलं. हात लावला नाही.

“त्याला त्याचा पायजे,” बाबाजी म्हणाला. “हाड काय काढून देता येत न्हाय. तोंडानं दे. सर्वपित्रीला पानी सुकल्यावं, मसनवट्यासमोर खाडीत मांडीभर उतर, त्याचा नाव घे, नि सांग, तुझा तुला दिला.”

सर्वपित्री अमावास्येला ओहोटी पहाट सरताना पुरी होते. उजाडलं तसा काळूराम एकटाच निघाला. हातात नारळ, खांद्यावर टॉवेल. ठमीला त्याने बंदरावर जाऊन येतो म्हणून सांगितलं होतं. खाडी पार आटलेली. मसनवट्यासमोर नुसता काळा, चकाकणारा गाळ, मध्ये पाण्याची बारीक रेघ. एक चिटपाखरू नाही. त्याने लुंगी खोचली आणि पाय टाकला.

गाळात कसं चालायचं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं: थांबायचं नाही, वजन एका पायावर द्यायचं नाही. पण डावा पाय जड होता, तो मागे राहिला, आणि वजन नेमकं त्याच्यावर आलं. पाय गुडघ्यापर्यंत गेला. ओढायला गेला तर मांडीपर्यंत गेला. गार गाळ सुजेला लागला आणि कळ थेट डोक्यात गेली. त्याने उजवा पाय सोडवला. डावा येईना.

खाली काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. नारळ हातातून सुटला. तोंडाने त्याला म्हणायचं होतं, तुझं तुला दिलं, पण ते म्हटलं आणि त्याने खरंच घेतलं तर? हाड घेतलं तर मांडीत काय उरेल? तो गप्प राहिला. समोरची पाण्याची रेघ जरा रुंद दिसायला लागली होती. भरती लागली होती. आयुष्यात कुणाच्या बापाला न भ्यालेला काळूराम तिथे मांडीभर गाळात उभा राहून रडायला लागला, आणि रडता रडता म्हणाला, “दया, सोड रं. मना न्हाय ठाव, मी न्हाय मागितला तुझा.”

उत्तर आलं.

“पालथा पड, मेल्या.”

काळूरामचं काळीज बंद पडायचंच बाकी होतं. पण आवाज बाईचा होता. मसनवट्याच्या पलीकडे, मिठागराच्या जुन्या उघाडीपाशी, जिथून पूर्वी खाडीचं पाणी आत घ्यायचे त्या दारांपाशी, काशी निवट्या पकडायला उतरली होती. गाळातल्या बिळांत हात घालून हे मासे काढायचे म्हणजे ओहोटीलाच यावं लागतं. तिने उघाडीची एक कुजकी फळी उपसली आणि गाळावरून ढकलत आणली. त्याला तिच्यावर पालथं पाडलं. मग त्याच्या मांडीखाली कोपरापर्यंत हात घालून गाळ मोकळा केला. पाय पुसकन आवाज करून वर आला. धरलं कुणीच नव्हतं. पण हे काळूरामला तेव्हा पटण्यासारखं नव्हतं.

काठावर आल्यावर तिने टॉवेलने त्याची मांडी पुसली, आणि तिचा हात थांबला. फुगवटा, चट्टे, भाजल्यासारखी कातडी, सगळं दिवसाउजेडी समोर होतं.

“कवापासून?” तिने विचारलं.

काळूरामने लुंगी खाली ओढली.

“यांनी बी असाच केला. पोटातली गाठ लपवली. मना बोलले, ढेरी सुटलीय. मी हसली. गावभर सांगितला, आमच्यांची ढेरी सुटली.” तिने टॉवेल पिळला. “डॉक्टरनं सांगितला, दोन महिने आदी आले असते तं बघितला असता.”

“पाय कापतील, वयनी.”

“कापूं दे.”

“तुमचा काय जातंय बोलायला.”

तेव्हा काशी उठून उभी राहिली. कोपरापर्यंत गाळ, कमरेला निवट्यांची टोपली, आणि डोळे असे की काळूरामने मान खाली घातली.

“माजा जातंय,” ती म्हणाली. “हाड यांचा हाय ना? मंग त्यावं माजा हक हाय. तुजा पाय तू सडव न्हायतं ठेव, पन यांचा हाड मी सडू देनार न्हाय. उद्या लाँचला यायचा. न्हाय आलास तं गावासमोर ओढत नेन.”

दुसऱ्या दिवशी मोऱ्याच्या जेट्टीवर तिघं उभे होते. काळूराम, एका बाजूला ठमी, दुसऱ्या बाजूला काशी. गावाने हे दृश्य बघितलं आणि त्याला पुढे महिनाभर पुरलं. पाणी उतरलेलं होतं, लाँच खाली डुचमळत होती, मध्ये हातभर फट आणि फटीत हिरवं पाणी. काळूराम डावा पाय पुढे टाकेना. शेवटी दोघींनी त्याला दोन काखांत धरून उचललं. नवऱ्याला हात लावल्याबद्दल ठमी काशीला काही बोलली नाही, हे नमूद करायला हवं. लाँच भाऊच्या धक्क्याला लागली.

डॉक्टर विनितांनी मांडी पाहिली आणि रागावल्या नाहीत, हेही काळूरामला अपशकुनासारखं वाटलं. त्यांनी तीन शक्यता सांगितल्या. या खेपेला तो कान देऊन ऐकत होता. एक, कॅन्सर परत आला असेल. दोन, आत जंतू गेले असतील. तीन, शरीराला आत घातलेली वस्तू सोसत नसेल. फोटो काढू, रक्त बघू, आणि सुईने आतला तुकडा काढून तपासू. त्याशिवाय कळणार नाही.

आत घातलेली वस्तू म्हटल्यावर काळूरामने काशीकडे पाहिलं आणि काशीने भिंतीकडे.

सुई जाताना त्याचे हात धरायची वेळ आली नाही. तो इतका घाबरला होता की सुईला भ्यायला जागाच उरली नव्हती. मग रिपोर्टची वाट बघणं. जवळच्या धर्मशाळेत चटईवर पडून राहायचं, बाकावर जाऊन बसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचे. एकाच पायाने भराभर जाणारे लोक बघून त्याला नवल वाटायचं, आणि लगेच तो डाव्या मांडीवर लुंगी ओढून घ्यायचा. ठमी जेवत नव्हती. काशी दोघांना जबरदस्तीने चहा-पाव भरवत होती आणि बडबडत होती. पण नाव पुकारलं गेलं तेव्हा तिच्याच हातातला पेला खाली पडला.

डॉक्टर विनितांच्या समोर कागद होता. काळूरामने तो वाचायचा प्रयत्न केला नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता, उरणच्या डॉक्टरच्या तोंडाकडे बघितलं होतं तसा.

“काका, कॅन्सर नाहीये,” त्या म्हणाल्या. “जंतूही नाहीत.”

ठमीने खुर्चीचा हात घट्ट धरला. काळूरामला हसू आलं नाही की रडू आलं नाही. तो म्हणाला, “मंग कोन हाय?”

बाईंना प्रश्न विचित्र वाटला असावा, पण त्यांनी उत्तर दिलं. त्यांनी विचारलं, घड्याळ घातल्यावर मनगटाला खाज येते का? काळूरामने घड्याळ कधी घातलंच नव्हतं. ठमी म्हणाली, पट्ट्याच्या बकलाने बेंबीखाली कायम चट्टा येतो, आम्ही समजायचो खारं पाणी लागलं.

“तेच,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही गेटवर बसता ना? शरीरातही अशी गेटवर बसणारी माणसं असतात. पेशी. आपलं काय, परकं काय, हे बघणं त्यांचं काम. बहुतेकांच्या पेशी ही प्लेट चालवून घेतात. तुमच्या चालवून घेत नाहीत. पोलादात निकेल नावाचा धातू असतो, त्याचे कण सुटतात, आणि तुमच्या पेशी त्यावर तुटून पडतात. ही सगळी सूज म्हणजे ते भांडण आहे. वरून तुम्ही गरम मीठ लावलंत, ते वेगळं.”

पाय राहणार होता. प्लेट काढायची आणि आधाराला टायटॅनियमची सळई घालायची. ती बहुतेक अंगांना सोसते. म्हणजे पुन्हा एक ऑपरेशन. बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. एकाचं शरीर धातू सोसतं आणि दुसऱ्याचं नाही, असं का, आणि धातूशी भांडण्यात गुंतलेल्या पेशी कॅन्सरकडे नीट लक्ष ठेवतात की नाही, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. पुरतं उत्तर अजून कुणाकडेच नाही, असं त्या म्हणाल्या. तर काढलेली प्लेट आणि तिच्याभोवतीचं थोडं मांस अभ्यासासाठी ठेवलं तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा.

काळूरामने ठमीकडे पाहिलं नाही. काशीकडे पाहिलं. मग तो हात जोडून म्हणाला, “म्याडम, प्लेट तुमी ठेवा. मांस ठेवा. पन उघडशीला तवा त्यांचा हाड तेवडा काढा नि वयनीला देऊन टाका. माज्या पेशींनी त्यांना लय तरास दिला असंल.”

“कोणाचं हाड?”

मग सगळं बाहेर आलं. पेटी, रंगू, कावळा, केळीचं पान. ठमी मान खाली घालून सांगत होती, मध्ये मध्ये काशी दुरुस्त करत होती. डॉक्टर विनिता मध्येच एकदा हसतील असं वाटलं, पण काशीच्या तोंडाकडे बघून त्या हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्या वेळेसारखंच पुन्हा कागदावर हाड काढलं आणि सावकाश सांगितलं. या खेपेला तिघांनीही ऐकलं.

काशीने शेवटी एकच विचारलं, “मंग ते पुरे जलले?”

“इथे त्यांच्या अंगातून कुणी काहीही काढलं नाही, मावशी,” डॉक्टर म्हणाल्या.

काशीने मान हलवली. काळूरामच्या मांडीवर गेलेला हात तिने मागे घेतला.

पेटी आधी बाहेर गेली होती, आणि नंतर आत आली. बाहेर गेली तेव्हा ठमी दारावर नव्हती, ती काशीजवळ होती. काळूरामच्या मांडीतला कॅन्सर झालेला हाडाचा तुकडा काढून, खरवडून, पेटीतून खालच्या मजल्यावर नेला, किरणांच्या मशीनखाली ठेवून त्यातल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या, आणि तोच तुकडा परत आणून त्याच्याच मांडीत प्लेटने बसवला. दयारामचं हाड कुणी काढलं नव्हतं. काळूरामच्या मांडीत आहे ते हाड काळूरामचंच आहे.